जव, भाज्या आणि चीजचं बेक: ओव्हन लावण्याआधीची तयारी

हे बेक बिघडतं ते बहुतेक वेळा पाण्यामुळे. ओव्हनमध्ये ते जेमतेम अर्धा-पाऊण तास असतं. तेवढ्यात कच्चे जव शिजत नाहीत आणि भाज्यांचं पाणीही आटत नाही, म्हणून ही दोन्ही कामं आधी गॅसवर उरकायची.

भांडं आधी ठरवा: 23 सेंटिमीटर चौरस, 5 सेंटिमीटर खोल, साधारण अडीच लिटरचं. त्याला 200 ग्रॅम कच्चे जव पुरतात. शिजून ते जवळपास तिप्पट होतात. पॉलिश केलेले जव न भिजवता 25 ते 30 मिनिटांत शिजतात. कोंड्यासकट अख्खे असतील तर रात्रभर भिजवा, तरीही पाऊण तास धरून चाला. पाणी भरपूर घ्या, मीठ अर्धाच चमचा, कारण चीज खारट असतं. दाणा दाताखाली किंचित लागतोय तोच गाळून ताटात पसरा. चाळणीत ढीग करून ठेवलात तर आतल्या वाफेनं शिजत राहून त्याचा गोळा होतो.

भाज्या चिरून 600 ग्रॅम लागतील. गाजर आणि ब्रोकोली दोन मिनिटं उकळत्या पाण्यातून काढून कापडावर निथळा. झुकिनी म्हणजे पाण्याची पिशवीच: फोडींना मीठ चोळून 20 मिनिटं ठेवा, मग पिळा. मशरूम मोठ्या आचेवर, कढईत गर्दी न करता परता. आधी ते पाणी सोडतात, चर्र आवाज मंदावतो. पाणी आटून पुन्हा चरचरू लागले आणि कडा तपकिरी झाल्या की उतरवा. पालक घालणार असाल तर उकळत्या पाण्यात बुडवून, गार करून मुठीत घट्ट पिळा. 250 ग्रॅमचा लिंबाएवढा गोळा उरला तर बरोबर पिळलात. टोमॅटो हवाच असेल तर बिया काढून.

चीज 150 ग्रॅम, शक्यतो निम्मं चेडर, निम्मं मोझरेला. एक चवीसाठी, दुसरं तार येण्यासाठी. घरीच किसा, पाकिटातल्या किसाला चिकटू नये म्हणून स्टार्च किंवा सेल्युलोज लावलेलं असतं, त्यामुळे सॉस खरखरीत होऊ शकतो. पूर्ण शाकाहारी हवं असेल तर वेष्टन वाचाच. अस्सल पार्मिजानो रेजानो हे इटालियन चीज वासराच्या जठरातल्या रेनेटनं, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या द्रव्यानं, बनतं. ‘मायक्रोबियल रेनेट’ लिहिलेलं चीज चालतं.

व्हाइट सॉससाठी 30 ग्रॅम लोणी, 30 ग्रॅम मैदा, अर्धा लिटर दूध. मैदा दोन मिनिटं परता, नाहीतर कच्चट वास राहतो. दूध थोडंथोडं घालत फेटा आणि एक उकळी येऊ द्या. गॅस बंद करून मगच 100 ग्रॅम चीज मिसळा, कारण उकळत्या सॉसमध्ये चीज फाटून तेल सुटतं. सॉस जरा पातळच वाटला पाहिजे, जव तो पितात. जव, भाज्या, मिरपूड आणि सॉस एकत्र केल्यावर चमच्यानं रेघ ओढा. ती हळूहळू भरून आली तर प्रमाण जमलं. जागच्या जागी राहिली तर अर्धी वाटी दूध घाला.

ओव्हन 190 अंशांवर, पंख्याचा असेल तर 170 वर, पंधरा मिनिटं आधी तापवा. मिश्रण लोणी लावलेल्या भांड्यात दाबून न बसवता ओता, वर उरलेलं चीज घाला. फॉइलला आतून तेल लावा, नाहीतर सगळं चीज फॉइलसोबत निघून येतं. मधल्या कप्प्यात 20 मिनिटं झाकून, मग 10 ते 15 मिनिटं उघडं ठेवा.

आदल्या दिवशी रचून फ्रीजमध्ये ठेवायचं असेल तर सॉसमध्ये पाऊण वाटी दूध वाढवा. काचेचं थंड भांडं थेट तापलेल्या ओव्हनमध्ये सरकवू नका, तडकतं. अर्धा तास आधी बाहेर काढा आणि झाकून ठेवायची वेळ 10-15 मिनिटांनी वाढवा. बाहेर काढल्यावर 10 मिनिटं हात लावू नका, लगेच कापलं तर सॉस ताटभर पळतो. उरलेलं दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जाऊ द्या. शिजवलेलं धान्य बाहेर राहिलं की त्यात वाढणाऱ्या जिवाणूंचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही.