पावसाळी भटकंतीसाठी जीपीएस निवडताना

पावसाळ्यात हरिश्चंद्रगडाच्या पठारावर धुके उतरले की चार पावलांवरची पायवाटही दिसेनाशी होते आणि ओल्या बोटांना टचस्क्रीन दाद देत नाही. म्हणून हातात धरायचा जीपीएस घेताना बटणांचे यंत्रच निवडावे. दुकानात बोटे भिजवून, पडद्याकडे न पाहता, आपण उभे आहोत त्या जागेची यंत्रात नोंद करता येते का, हे आधी करून पाहावे. पेन्सिल सेलवर चालणारे यंत्र मला अधिक भरवशाचे वाटते, कारण ते सेल पायथ्याच्या गावातल्या किराणा दुकानातही बहुधा मिळतात. जलरोधक दर्जा किमान आयपीएक्स-७, म्हणजे एक मीटर पाण्यात ३० मिनिटे टिकणारा, असावा. मात्र परदेशातल्या नातलगांकडून यंत्र मागवताना ते उपग्रहावरून संदेश पाठवणारे नाही, याची खात्री करावी. गार्मिन इनरीचसारखी यंत्रे भारतात परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत.