स्वायत्त प्रदेशासाठी घटनात्मक कलमं: मसुदा कुठून सुरू करायचा

वेगळी कायदापद्धती असलेल्या प्रदेशासाठी कलमं लिहायला बसलं की बहुतेक जण आधी अधिकारांची यादी करतात. यादी नंतर करा. आधी ठरवा, कलमाचा अर्थ शेवटी कोण लावणार? चीनमधल्या स्वायत्त हाँगकाँगचा मूलभूत कायदा, म्हणजे तिथली जणू घटनाच (संमत 4 एप्रिल 1990, लागू 1 जुलै 1997), समोर उघडा ठेवा.

त्याच्या कलम 158 नुसार अन्वयार्थाचा अधिकार चीनच्या नॅशनल पीपल्स काँग्रेसच्या स्थायी समितीकडे आहे. स्वायत्ततेतल्या बाबींचा अर्थ स्थानिक न्यायालयं स्वतः लावतात. केंद्राच्या बाबींवर निकाल अवलंबून असेल, तर अंतिम निकालापूर्वी समितीला विचारावं लागतं. पण विचारायची गरज आहे की नाही हे कोण ठरवणार, आणि न्यायालयाबाहेरून कुणाला अर्थ मागता येईल, हे कलमात नाही. हाँगकाँगच्या रहिवाशांच्या चीनच्या मुख्य भूमीवर जन्मलेल्या मुलांना हाँगकाँगमध्ये राहण्याचा हक्क आहे, असा निकाल जानेवारी 1999 मध्ये स्थानिक न्यायालयाने दिला. स्थानिक सरकारने बीजिंगकडे धाव घेतली आणि जूनमध्ये समितीने वेगळा अर्थ दिला. म्हणून कोण विचारू शकतो, कोणत्या टप्प्यावर, उत्तराची मुदत किती आणि झालेल्या निकालांचं काय, हे चारही मुद्दे कलमातच लिहा. शेवटचा 158 मध्ये आहे: आधीचे निकाल बाधित होत नाहीत.

मग सातत्याचं कलम. ‘जुने कायदे चालू राहतील’ एवढ्याने भागत नाही. हाँगकाँगच्या कलम 8 मध्ये कॉमन लॉ (न्यायालयीन निकालांतून घडलेला कायदा), समन्याय (त्याला पूरक न्यायतत्त्वं, इक्विटी), विधिमंडळाचे कायदे, नियम, रूढी अशी नावं घेतली आहेत. परदेशी पूर्वनिर्णयांचा आधार घेण्याची मुभा कलम 84 देतं. संरक्षण किती भक्कम हवं तेही ठरवा. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहिता 1962 च्या प्रशासन कायद्याच्या कलम 5 मुळे टिकली, पण तो साधा कायदा आहे, संसद तो बदलू शकते. भारतीय घटनेतल्या नागालँडच्या अनुच्छेद 371अ मध्ये मात्र रूढी-कायद्याला हात लावणारा संसदेचा कायदा विधानसभेच्या ठरावाशिवाय तिथे लागू होत नाही. आमच्या मते नमुना हाच घ्यावा.

प्रदेशात लागू होणारे केंद्राचे कायदे परिशिष्टात मोजून लिहा आणि भर घालायला प्रदेशाची संमती लागेल असं म्हणा. हाँगकाँगच्या कलम 18 मध्ये फक्त सल्लामसलत आहे; 30 जून 2020 ला राष्ट्रीय सुरक्षा कायदा त्याच वाटेने आला, स्थानिक विधिमंडळात न जाता.

दोन भाषांत मसुदा असेल तर कोणती प्रत ग्राह्य, हे मुख्य मजकुरातच नमूद करा.