आग्वाद बघायचा तर सिकेरीच्या बुरजापासून सुरुवात करा

घरी पुण्या-कोल्हापूरचे पाहुणे आले की गोव्यातला आग्वाद किल्ला दाखवायचं काम माझ्याकडे येतं. वर दीपस्तंभाशी गाडी लावायची, फोटो काढायचे, निघायचं, असा बहुतेकांचा बेत असतो. मी त्यांना आधी खाली किनाऱ्यावर सिकेरीला नेतो. हा एकटा किल्ला नाही, मांडवी नदीचं तोंड अडवणारी अख्खी फळी आहे, आणि ते खालूनच कळतं.

ओहोटीची वेळ बघून सकाळी लवकर या. सिकेरीचा बुरूज थेट समुद्रात उतरलेला आहे. पावसाळ्यात तिथल्या खडकांवर अजिबात उतरू नका, शेवाळावर पाय ठरत नाही. बुरजाच्या चिऱ्याला, म्हणजे जांभ्या दगडाला, हात लावून बघा. भोकाभोकांचा, लालसर, सांध्यांत कुठे कुठे चुन्याचा पांढरा थर अजून धरून आहे. ताजा खणलेला चिरा सहज तासता येतो आणि वारा लागला की कठीण होतो, म्हणून हे बांधकाम इथल्याच दगडात उभं राहिलं. त्यावर नाव कोरणाऱ्याला तिथल्या तिथे अडवा, मी अडवतो.

आता वर चढा. डच जहाजं गोव्याच्या तोंडाशी येऊन वाट अडवू लागली, तेव्हा पोर्तुगीजांनी हा किल्ला बांधला. 1612 साली तो पुरा झाला. सह्याद्रीतले गड पाहिलेल्या माणसाला इथले तट बुटके वाटतात. ते मुद्दाम तसे आहेत. तोफगोळ्यापुढे उंच भिंत लवकर ढासळते, जाड आणि उतरती भिंत टिकते. आत शिरायची घाई करू नका, आधी कोरड्या खंदकाच्या कडेने चाला. बुरूज टोकदार का, ते तिथे दिसतं: एका बुरजावरून दुसऱ्याच्या पायथ्यापर्यंत मारा करता येतो, शत्रूला लपायला कोपराच उरत नाही.

आवारातला उंच ओटा म्हणजे पाण्याच्या टाकीचं छत, खालच्या खांबांवर तोललेलं. टाकीत 23,76,000 गॅलन पाणी मावायचं असं सांगतात. लांबच्या प्रवासाची जहाजं इथे पाणी भरून घेत, त्यामुळे माझ्या मते किल्ल्याचं खरं बळ तोफांपेक्षा या टाकीत होतं. शेजारचा जुना दीपस्तंभ 1864 चा.

मग दक्षिणेच्या तटावर या. समोर काबोचं टोक, जिथे राज्यपालांचं निवासस्थान आहे, त्यापलीकडे मुरगाव. काबोवरही पोर्तुगीजांचा किल्ला होता. मधल्या पाण्यातून जहाज नेऊन बघा मनातल्या मनात!

उतरताना नदीकाठचा जेल चुकवू नका. 2015 पर्यंत तिथे कैदी होते, आता संग्रहालय आहे. 1946 मध्ये राममनोहर लोहियांना पोर्तुगीजांनी आग्वादलाच कोंडलं होतं. मुलं बरोबर असतील तर इथे सावकाश थांबा, त्यांना गोवामुक्तीची गोष्ट सांगा.

दुपारचं जेवण नेरूलला आटपून वेरेच्या रस्त्याने रेईश मागूशचा किल्ला गाठा. हा 1551 चा, आग्वादच्याही आधीचा. दुरुस्ती होऊन 2012 मध्ये लोकांसाठी खुला झाला. इथे मांडवी अरुंद होते, समोर पणजी, आणि आग्वाद चुकवून आत आलेलं जहाज तोफांच्या अगदी टप्प्यात येतं. परत जाताना पूल सोडा, बेतीहून फेरीबोट धरा आणि पश्चिमेकडच्या कठड्याशी उभे राहा. नदीच्या तोंडाकडे तिथूनच बघायचं.