चालू कॉम्प्युटरमधून बॅकअपची हार्डडिस्क काढायची-घालायची कशी?

बेळगावच्या शहापुरात माझं डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईचा मजकूर जुळवायचं दुकान आहे. लग्नपत्रिका, यात्रेची पत्रकं, वर्षश्राद्धाचे फोटो. काही काम मराठीत, काही कन्नडमध्ये. २०१९ च्या ऑगस्टमध्ये बेळगावात पाणी शिरलं, तेव्हा ओळखीच्या एका स्टुडिओत कॉम्प्युटर भिजला आणि त्याच टेबलाखाली ठेवलेली बॅकअपची डिस्कही भिजली. कितीतरी घरांच्या लग्नांचे फोटो गेले. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: जी डिस्क दुकानाबाहेर पडत नाही, तिला बॅकअप म्हणू नये.

डिस्क बाहेर न्यायची तर ती सहज निघाली पाहिजे. हॉट-स्वॅपमध्ये मशीन बंद न करताच ती काढता-घालता येते. साटा (कॉम्प्युटरला डिस्क जोडायची नेहमीची पद्धत) डिस्कच्या पॉवर कनेक्टरमध्ये ग्राउंडच्या काही पिना लांब असतात. त्या आधी जोडल्या जातात, म्हणून चालू मशीनमध्ये घातली तरी डिस्कला झटका बसत नाही.

सामान थोडंच लागतं. डीव्हीडी रायटरच्या जागी बसणारा मोबाइल रॅक, म्हणजे डिस्क आत सरकवायचा खण घ्या आणि साडेतीन इंची तीन हार्डडिस्क, प्रत्येकी तुमच्या डेटाच्या दुप्पट क्षमतेची. नव्या कॅबिनेटला ती जागा नसेल तर यूएसबी डॉक, म्हणजे डिस्क खोचायचा बाहेरचा स्टँड चालतो. कॅबिनेट उघडून साध्या केबलीच काढत-घालत बसू नका. तो कनेक्टर साधारण ५० वेळा जोडण्यासाठी बनवलेला असतो. आठवड्याला एकदा म्हटलं तरी वर्षभरात संपला. रॅकमधला ५०० वेळांसाठी असतो.

रॅक बसवताना मात्र मशीन बंद करून प्लग काढा. मग बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) जाऊन साटा मोड एएचसीआय, म्हणजे हॉट-स्वॅप चालणारा आहे का ते बघा, आणि रॅक ज्या पोर्टला जोडलाय त्याचं हॉट प्लग सुरू करा. मोड दुसराच असेल तर एकदम बदलू नका, विंडोज सुरू व्हायचंच बंद होऊ शकतं. आधी जाणकाराला दाखवा.

प्रत्येक डिस्क एनटीएफएसमध्ये (विंडोजच्या नेहमीच्या फाइल-पद्धतीत) फॉरमॅट करून तिला नाव द्या: बॅकअप १, २, ३. तेच नाव मार्करने डिस्कवर चिकटवलेल्या कागदावरही लिहा. कॉपी करण्याआधी स्क्रीनवरचं नाव वाचा; घाईत भलत्याच डिस्कवर कॉपी होते.

कॉपी तारखेच्या वेगळ्या फोल्डरमध्ये करा. मूळ फोल्डरशी हुबेहूब जुळवत राहणाऱ्या मिरर प्रकारच्या कॉपीत मूळ फाइल चुकून उडाली की बॅकअपमधूनही उडते. आमच्या धंद्यात आणखी एक गोष्ट: मराठीसाठी वापरलेले श्रीलिपीचे आणि कन्नडसाठीचे नुडीचे फॉन्टही सोबत ठेवा. जुन्या फाइली त्या फॉन्टशिवाय उघडल्या तर पत्रिकेवर नुसती चिन्हं दिसतात.

आता डिस्क काढण्याचं. घाई इथेच नडते. कॉपी संपली असं दिसलं तरी शेवटचा डेटा मेमरीत असू शकतो. खालच्या पट्टीतल्या 'सेफली रिमूव्ह हार्डवेअर'वर क्लिक करून डिस्क सोडवा. तिथे ती दिसत नसेल तर विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन ऑफलाइन करा, पण सिस्टिमची डिस्क निवडली नाही ना ते दोनदा बघा. मग रॅकचं बटण बंद करा आणि अर्धा मिनिट थांबा. आतल्या तबकड्या फिरत असताना डिस्क हलली तर डेटा वाचणारा हेड तबकडीला घासू शकतो आणि दुरुस्तीचा खर्च डिस्कच्या किमतीच्या कितीतरी पट होतो. घरघर थांबली की सरळ ओढून काढा.

माझी एक डिस्क दुकानात, एक घरी आणि तिसरी निपाणीला मावशीच्या कपाटात असते. शनिवारी दुकानातली घरी जाते, घरची परत येते. निपाणीची महिन्याला बदलतो. डिस्क अँटिस्टॅटिक पिशवीत, स्पंजाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसह ठेवा. आपल्याकडच्या पावसात ही पुडी नसली तर कनेक्टरवर गंज धरतो. गारठ्यातून आणलेली डिस्क लगेच घालू नका, तासभर तशीच राहू द्या.

दर दोन महिन्यांनी एखादं जुनं फोल्डर दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. मी मागच्या वेळी तीन वर्षांपूर्वीची एक पत्रिका उघडली. फॉन्टसकट जशीच्या तशी निघाली.