चीज आणलंत खरं, पण आता या चुका टाळा

फ्रिजमधून काढलेलं चीज तसंच गारेगार पाहुण्यांपुढे ठेवणं, ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की आता राग येण्याऐवजी कीव येते. थंडीत चीजमधली चरबी घट्ट होते आणि वास आतच अडकून राहतो. मग पहिला घास खाऊन लोक जाहीर करतात, "महाग आहे, पण चव काही नाही." ब्री, कॅमेम्बर्टसारखं मऊ चीज अर्धा-पाऊण तास आणि घट्ट चीज तासभर आधी बाहेर काढा. सुकू नये म्हणून मी वर नुसतं एक भांडं पालथं घालतो. मायक्रोवेव्हमध्ये दहा सेकंद फिरवा असं सांगणारे भेटतातच. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, फक्त त्यांच्याकडे चीज खायला जात नाही.

दुसरी चूक घाईचीच. एका मित्राने पाहुण्यांसाठी दुकानातलं दिसेल ते प्रत्येक चीज उचललं. ऐन वेळी धावपळ नको म्हणून आदल्या रात्रीच सगळ्याचे चौकोनी तुकडे केले आणि एकाच डब्यात भरले. त्यात रोकफोर हे निळ्या बुरशीचं, उग्र वासाचं चीजही होतं. दुसऱ्या दिवशी डबा उघडला तर प्रत्येक तुकड्याला रोकफोरचा वास, आणि कडा वाळून कडक झालेल्या. खरी गंमत पुढेच. ब्रीची पांढरी साल त्याने "बुरशी आलीय" म्हणून मन लावून खरवडून काढली होती, आणि एडामवरचं लाल मेण मात्र तसंच ठेवलं होतं. पाहुणे बिचारे सभ्यपणे मेण चघळत बसले.

ब्रीवरची ती पांढरी साल बुरशीचीच असते, पण मुद्दाम वाढवलेली: पेनिसिलियम कॅमेम्बर्टी. चीज बाहेरून आत पिकतं ते तिच्यामुळेच, आणि ती खायची असते. न आवडल्यास ताटात बाजूला ठेवा, पण इतरांच्या वाट्याची खरवडू नका. पार्मिजानो रेजियानो या घट्ट इटालियन चीजची साल दातांना झेपत नाही. ती सूपमध्ये टाकून उकळावी आणि शेवटी काढून घ्यावी. काही चीजवर मेण किंवा कापड असतं, ते मात्र काढायचंच.

कापायचं ते वाढायच्या आधी थोडाच वेळ, आणि निळ्या चीजला सुरी वेगळी. ब्रीच्या त्रिकोणी तुकड्याचं टोक उडवून स्वतः घेणारा माणूस मला पटत नाही. सगळ्यात कमी सालीचा भाग तिथे असतो. टोकापासून सालीपर्यंत लांब काप काढले की सगळ्यांना सारखं मिळतं.

किती प्रकार आणायचे? तीन पुरेत: एक मऊ, एक घट्ट, एक निळं. नवशिक्यांना पहिल्याच दिवशी सगळं चाखायचं असतं, आणि चौथ्या प्रकारानंतर जीभ काही सांगत नाही.

प्लॅस्टिकमध्ये आवळून ठेवू नका, चीज घामेजतं. बटर पेपरमध्ये गुंडाळून मग सैलसर डब्यात.

ब्रीला अमोनियाचा हलका वास आला तर थोडा वेळ उघडं ठेवून पाहा. तरी नाक चुरचुरलं तर ते उतरलंय.

किसलेलं पाकीट घेऊ नका. तुकडे चिकटू नयेत म्हणून त्यात बहुधा सेल्युलोज किंवा स्टार्च घातलेलं असतं, त्यामुळे ते नीट वितळत नाही.

शाकाहारी असाल तर लेबल वाचा. पार्मिजानो रेजियानोत नियमानेच वासराच्या जठरातलं रेनेट (दूध गोठवणारा पदार्थ) वापरतात, "दुधाचंच तर आहे" म्हणून चालत नाही.

आणि नको असलेली बुरशी आली तर? घट्ट चीजच्या डागाभोवतीचा आणि खालचा अडीच सेंटिमीटर भाग कापून टाका, सुरी डागाला लागू न देता. उरलेलं खाता येतं. मऊ चीज असेल तर अख्खं फेका, कितीही जीव तुटला तरी.