चौकोनाचे सममिती अक्ष काढताना या चुका टाळा

शिष्यवृत्ती परीक्षेच्या तयारीच्या वह्या तपासताना एक उत्तर दरवर्षी समोर येतं: आयताचे सममिती अक्ष (ज्या रेषेवर घडी घातली की दोन्ही भाग तंतोतंत जुळतात ती रेषा) 4. कर्णानं आयताचे दोन एकरूप त्रिकोण होतात, मग कर्ण अक्षच की, असं पोरं धरून चालतात. पण तो त्रिकोण दुसऱ्यावर बसवायला अर्धा फेरा फिरवावा लागतो. नुसती घडी घालून तो बसत नाही. आयताचे अक्ष 2, समोरासमोरच्या बाजूंचे मध्यबिंदू जोडणारे.

इथं मंगळवार पेठेत माझ्या शिकवणीला येणारी आठवीची एक मुलगी यावर हटून बसली होती. तिनं 8 बाय 6 सेंमीचा कागद कर्णावर दुमडला, बाहेर डोकावणारे दोन्ही त्रिकोण कात्रीनं उडवले आणि म्हणाली, "सर, जुळलं की!" मी म्हटलं, "आता उलगड बघू." उलगडला तर आयत गायब! हातात समभुज चौकोन, बाजू सव्वासहा सेंमी. त्याचे कर्ण अक्ष असणारच. मग तसाच दुसरा कागद घेतला, कोपऱ्यांना अ, ब, क, ड नावं दिली आणि कात्री बाजूला ठेवून अक वर घडी घातली. ब पडला ड पासून 2.8 सेंमी लांब. तेव्हा कुठं पटलं.

म्हणून माझ्याकडं कोपऱ्यांना नावं दिल्याशिवाय कुणी घडी घालायची नाही. कुठला कोपरा कुठल्या कोपऱ्यावर पडला, हे तोंडानं सांगायचं. चौकोनात तपासायच्या रेषा चारच: दोन कर्ण आणि समोरच्या बाजूंचे मध्यबिंदू जोडणाऱ्या दोन. पाचवी शोधत बसू नका.

"जेवढ्या बाजू तेवढे अक्ष" ही युक्ती पाठ करून येणाऱ्यांचा मला खरोखर राग येतो. ती सुसम (सगळ्या बाजू आणि सगळे कोन समान असलेल्या) बहुभुजाकृतींची आहे, म्हणजे चौकोनांत फक्त चौरसाला लागू. दोन मिनिटं वाचवायला घडी टाळतात आणि हक्काचे गुण घालवतात.

समांतरभुज चौकोन आयतही नसेल, समभुजही नसेल, तर अक्ष शून्य. अर्ध्या फेऱ्यात तो स्वतःवर बसतो, पण ती घूर्णन सममिती, म्हणजे फिरवण्याची, घडीची नव्हे.

पतंगाला 1 अक्ष: समान बाजू जिथं मिळतात ते दोन कोपरे जोडणारा कर्ण.

समलंब चौकोनाला डोळे झाकून 1 लिहू नका. आधी तिरक्या बाजू मोजा, त्या समान असतील तरच 1.

आणि टोकावर उभा काढलेला चौरस दिसला की 2 लिहून मोकळं होऊ नका, पान फिरवून बघा. त्याचे 4 च.