गोडो 3 वरून 4 वर जायचंय? आधी जुनी सेव्ह फाइल बघा

गोडो म्हणजे गेम बनवायचं इंजिन. पण नवं व्हर्जन आलं म्हणून इंजिन बदलायचं नसतं. कारण लागतं, आणि ते एका वाक्यात सांगता यायला हवं. मराठीत गेम करणाऱ्यांकडं असं एक कारण आहे: गोडो 3 ला जोडाक्षरं जमत नाहीत. 'स्थिती' लिहिलं की हलन्त उघडा पडतो, पहिली वेलांटी 'थ'च्या पुढं जाऊन बसते, आणि मग आपण एकेका बटणाचं चित्र करून चिकटवत बसतो. 4 मध्ये अक्षरं जुळवायचं काम हार्फबझ ही लायब्ररी करते, देवनागरी सरळ येते. गेममध्ये लेकरांना वाचायला काही असेल तर खुशाल जा. नुसते ठोकळे फोडायचे असतील आणि गेम नीट चालत असेल, तर 3.6 वर निवांत राहा.

दुसरं कारण प्ले स्टोअर. 31 ऑगस्ट 2025 पासून अपडेट टाकायचं तर टार्गेट एपीआय 35 लागतं, म्हणजे गेम अँड्रॉइड 15 धरून बांधलेला हवा. त्यात 1 नोव्हेंबर 2025 पासून 16 केबी पेजची, म्हणजे मेमरी 16 केबीच्या तुकड्यांत वाटणाऱ्या फोनवर चालण्याची, अट आली. ती सोय गोडो 4.5 मध्ये आहे, 3 वरच राहायचं तर 3.6.2 लागेल. '4 मध्ये सावल्या भारी दिसतात' हे कारण नाही. सावल्या कोण बघतंय पाच इंची फोनवर!

कधी जायचं? शून्यावर संपणाऱ्या व्हर्जनवर तर नाहीच. 4.0 आलं 1 मार्च 2023 ला, पण वेबवर गेम टाकणाऱ्यांना सर्व्हरचे खास हेडर लावल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. हे हेडर न लागणारा, थ्रेडशिवायचा वेब एक्सपोर्ट परत आला थेट 4.3 मध्ये, ऑगस्ट 2024 ला. तोवर जे थांबले त्यांचं काय बिघडलं? दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीआधी महिनाभर इंजिनाला हात लावायचा नाही. मोबाइल लेकरांच्या हातात तेव्हाच असतो. जून-जुलै बरा. शाळा भरलेल्या असतात आणि गावाकडं मोठी माणसं पेरणीत.

बॅकअप, गिट, वेगळी शाखा: हे सांगायचं नसतं. एवढंच की 3 चा प्रोजेक्ट 4 चा करून देणारा कन्व्हर्टर एकदा चालवला की तो मागं फिरत नाही, त्यामुळं फोल्डरच वेगळं ठेवा.

आता सेव्ह फाइल, म्हणजे खेळणाऱ्याची नाणी आणि टप्पे फोनवर जिथं साठतात ती. इंजिन बदलताना बाकी सगळं विसरलात तरी कोड लाल होतो आणि आठवण करून देतो. सेव्ह फाइल गप्प बसते. आमच्याकडून हेच राहिलं, आणि अपडेट गेल्यावर नांदेडहून एका आईचा निरोप आला: "पोरगं सकाळपासून रडायलंय, सगळे टप्पे गेले म्हणतंय, तुम्ही काय केलंत?"

घडतं ते असं. गोडोचं स्टोअर_व्हार हे फंक्शन वापरून डिक्शनरी, म्हणजे नाव आणि आकडा अशा जोड्या, फाइलमध्ये लिहिली की आधी प्रकाराचा क्रमांक लिहिला जातो, मग माल. गोडो 3 मध्ये डिक्शनरीचा क्रमांक 18 आहे, 4 मध्ये 27. आणि 4 मध्ये 18 म्हणजे ट्रान्सफॉर्म3डी! म्हणजे नवं इंजिन लेकराच्या नाण्यांत आणि टप्प्यांत त्रिमितीय जागा शोधायला लागतं. हाती कचरा येतो, तुमचा कोड म्हणतो 'फाइल खराब दिसते, नवीन सुरू करू', आणि जुनीवरच लिहून मोकळा होतो. संपलं.

म्हणून इंजिन बदलायच्या आधी गोडो 3 मधूनच एक शेवटचं अपडेट काढा, जे जुनी सेव्ह वाचून तीच जेसनमध्येही, म्हणजे कोणत्याही व्हर्जनला वाचता येणाऱ्या साध्या मजकुरात, लिहून ठेवेल. ते लोकांपर्यंत पोचू द्या. घाई नको, गावाकडं पोरं वायफाय मिळेल तेव्हाच अपडेट करतात. जेसनमधून आकडे दशांश होऊन येतात, तेव्हा इंटमध्ये (पूर्णांकात) बदलून घ्या, नाहीतर 4.4 पासून लेबलवर 350 च्या जागी 350.0 दिसेल.

आणि तपासायचं कसं? ज्या फोनवर प्ले स्टोअरवरून आलेला जुना गेम आहे, त्यात खरंच चार टप्पे खेळलेले आहेत, त्याच्यावर अपडेट टाकून. आपल्या कॉम्प्युटरवरून चाचणीसाठी काढलेला डिबग बिल्ड त्याच्यावर बसणार नाही, त्याची डिजिटल सही जुळत नाही. मग माणूस वैतागून जुना गेम काढून टाकतो, नवा टाकतो, 'चालतंय की' म्हणतो. अहो, सेव्हच उडवलीत, तपासलं काय? प्ले स्टोअरच्या इंटर्नल टेस्टिंगच्या ट्रॅकवर चढवा आणि तिथून अपडेट घ्या. जुना फोन, जुनी सेव्ह, वरून अपडेट. तिन्ही एकदम.

फोनचंही बघा. गोडो 4 मधून जीएलईएस2, म्हणजे जुन्या फोनांवर चित्र काढायची पद्धत, गेली. आता चित्र काढणारे रेंडरर वेगळे: कंपॅटिबिलिटी रेंडररला फोनमध्ये ओपनजीएल ईएस 3.0 लागतं, मोबाइल रेंडररला व्हल्कन. आपल्या टेबलावरचा फोन काही सांगत नाही. औशाच्या मावसभावाचा काच तडकलेला, 2 जीबीवाला फोन मागून आणा आणि कंपॅटिबिलिटीवर चालवा. त्याच्याकडं जुना गेम असेल तर सोन्याहून पिवळं, सेव्ह फाइलही तिथंच तपासून होईल.

जाहिरातींचं प्लगिन 4 साठी आहे का, हे कोडला हात लावायच्या आधी बघा. नसेल तर विषय संपला, थांबा.

कोडमध्ये बदल असे: यील्डचं अवेट, कायनेमॅटिकबॉडी2डीचं कॅरेक्टरबॉडी2डी, मूव्ह_अँड_स्लाइड रिकाम्या कंसाचं, ट्वीन नोडच्या जागी क्रिएट_ट्वीन. कन्व्हर्टर बरंच करतो, उरलेलं एरर बघत करा. फोनसाठी गेम बांधायला लागणारे एक्सपोर्ट टेम्प्लेट त्याच व्हर्जनचे, उतरवायला जड आहेत, लाइट असताना लावा. अँड्रॉइडचं ग्रेडल टेम्प्लेट नव्यानं बसवा. गेमवर सही करायची कीस्टोअर फाइल जुनीच.

सोडताना टप्प्याटप्प्यानं, आधी थोड्या टक्क्यांना. बिघडलं तर मागं जाता येत नाही, कारण प्ले स्टोअर आधीपेक्षा खालचा व्हर्जन कोड (बिल्डचा क्रमांक) घेत नाही. गोडो 3 मधूनच वाढीव कोडचं बिल्ड काढावं लागतं, आणि त्याला 4 ची स्टोअर_व्हारनं लिहिलेली सेव्ह वाचता येत नाही. तेव्हा 4 ची सेव्ह वेगळ्या नावानं लिहा, आणि जुन्या फाइलला डिलीट लावू नका.